माउंटखालचे दोन इंच

ढग्या गेला आणि आमच्या वस्तीला एकदम आठवलं की तो आमचा होता.

जिवंत होता तोवर कुणी विचारलं नाही. शाळेत जाताना तो वर बघत चालायचा म्हणून ढग्या, आणि वर बघता बघता दोनदा गटारात पडला म्हणून ते नाव कायमचं चिकटलं. पुढे त्याच्या निसर्गचित्रांनी नाव काढलं, पेपरात फोटो आले, तरी आमच्याकडे "तो ढग्या ना, गटारातला?" एवढीच ओळख. पण मेल्या म्हशीला मणभर दूध. तो गेल्यावर महिन्याभरात सभा झाली आणि ठरलं, की रेल्वे फाटकाजवळच्या वाचनालयाच्या माडीवर त्याच्या नावाचं दालन करायचं.

समिती तिघांची. एक हेडसर, ज्यांनी ढग्याला निम्मी शाळा वर्गाबाहेर उभं केलं आणि आता "माझा विद्यार्थी" म्हणताना ज्यांचा गळा भरून येतो. दुसरी वाचनालयाची ग्रंथपाल. ती बर्फवाल्याची मुलगी, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि तिसरा मी. माझं फ्रेमांचं दुकान आहे, तीस वर्षं काचा आणि पट्ट्या कापतोय. मला कलेसाठी घेतलं असेल असं कुणी समजू नये. फ्रेमा फुकटात होतील म्हणून घेतलं.

ढग्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याची लहानपणची सहा चित्रं पाठवली. जाड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेली, जलरंगातली, वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी काढलेली. सोबत मापांची यादी आणि चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "फ्रेम तुमच्याकडूनच करून घ्यायची, दुसऱ्या कुणाकडून नाही, असं ते दोनदा बजावून गेलेत." वाचून मी खूश झालो. म्हटलं, बघा, मोठा झाला पण विसरला नाही.

काय गाढव होतो मी.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी टेबल पुसलं आणि एकेक कागद उलगडत गेलो. पहिल्यात पाण्याची टाकी, दुसऱ्यात विटांची भट्टी, तिसऱ्यात नुसतंच आभाळ. चौथा कागद उलगडला आणि खालची कड धरून ठेवायला वजन ठेवणार, तो हात तिथेच थांबला.

टेकडीवरून दिसणारी आमची वस्ती होती ती. वर मोठं, पांढुरकं आभाळ. मधे कौलं. खाली रुळांच्या दोन रेघा, आणि अगदी तळाशी, शेवटच्या दोन इंचांत, फाटक. डावीकडे वळणावर इंजिनाच्या धुराचा पुंजका. उजवीकडे रस्त्यावर एक घोडागाडी, मागे गोणपाटाने झाकलेल्या बर्फाच्या लाद्या. आणि फाटकाचा दांडा उभा. सरळ आभाळाकडे. कागद उलटा केला. मागे पेन्सिलने तारीख, वेळ तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटं, वारा नाही.

मी मागची खुर्ची ओढून बसलो.

ढग्याची चित्र काढायची एक पद्धत होती, ती सगळ्या वस्तीला माहीत होती, कारण तिच्यापायी तो घरच्यांचा मार खायचा. आधी डोंगर, घरं, झाडं, म्हणजे जे जागचं हलत नाही ते. त्यात दोन-दोन तास जायचे. आणि सगळ्यात शेवटी, एका दमात, जे हलतं ते: माणसं, गाड्या, धूर. त्या घटकेला जे जिथे असेल तिथेच. नसलेलं घालायचं नाही, असलेलं गाळायचं नाही. मग घड्याळात बघून मागे वेळ टाकायची. हेडसरांनी एकदा त्याला म्हटलं होतं, "अरे, त्या उकिरड्यावरचं गाढव नसतं काढलं तर चित्र सुंदर झालं असतं की." तर म्हणाला, "पण ते होतं, सर."

पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला तीन पंचेचाळीसच्या गाडीखाली बर्फवाला सापडला.

फाटकावर माझे बाबा होते. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या, बदलीचा माणूस आला नव्हता. केबिनच्या स्टुलावर त्यांचा डोळा लागला. आम्ही फाटकाशेजारच्याच खोलीत राहायचो. आवाज ऐकून मी धावत बाहेर आलो, तेव्हा बाबा दोन्ही हातांनी दांडा खाली ओढत होते. रुळांवर काय होतं ते मी सांगणार नाही. बर्फ सगळीकडे पसरला होता. बाबांनी मला केबिनच्या मागे नेलं, खांदे धरले आणि म्हणाले, "दांडा खाली होता. त्याने स्वतः उचलला आणि गाडी घातली. तू बघितलंस. बघितलंस ना?" त्यांचे दात वाजत होते. मी अकरा वर्षांचा होतो. बाप इतका घाबरलेला पाहिल्यावर मुलगा काय म्हणणार?

चौथ्या दिवशी स्टेशनमास्तरच्या खोलीत चौकशी झाली. मी सांगितलं, मी बघितलं. कोपऱ्यात बर्फवाल्याची बायको पाच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यांना पटलं, कारण लोक तो दांडा हाताने उचलून सायकली काढायचेच, आणि बर्फवाल्याला घाई असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाबांची नोकरी राहिली, आमची खोली राहिली. बर्फवाला मात्र वस्तीच्या तोंडी म्हण होऊन बसला. कुणी रांगेत घुसलं, कुणी गरम चहाने जीभ पोळून घेतली, की "काय ही बर्फवाल्याची घाई!" आजची पोरंही म्हणतात. तो कोण होता ते त्यांना ठाऊक नाही.

चित्रातला घोडा चालत होता, धावत नव्हता. लगाम सैल होता. ढग्याने तेवढंही काढलं होतं, नखाएवढ्या जागेत.

म्हणजे त्याने बघितलं. टेकडीवरून, हातात ब्रश घेऊन, सगळं बघितलं. पुढच्या वर्षी तो वस्ती सोडून गेला. त्यानंतरच्या त्याच्या एकाही चित्रात माणूस नाही, वस्तीही नाही, नुसता डोंगर आणि आभाळ. त्यावर मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिलेत, एकांत की काय म्हणून. बारा वर्षांपूर्वी एकदा तो माझ्या दुकानात आला होता. उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा आहेत का अजून?" मी म्हटलं, "आहेत, चल घरी." तो म्हणाला, "बरं," आणि निघून गेला. मला वाटलं, मोठ्या माणसाचा नखरा. बाबा जाऊन आता आठ वर्षं झाली. आणि हा मरताना बजावून जातो, फ्रेम त्याच्याकडूनच.

चित्र फाडायचं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं जपण्यात गेली, कागदाला कात्री लावायला हात उठेना. मग मी माझ्या धंद्यातलं केलं. चित्राभोवती जो जाड कागदाचा माउंट बसवतात, त्याची खिडकी चित्रापेक्षा पाव इंच लहान कापायची असते, म्हणजे कडा आत दबतात. मी वरून आणि बाजूंनी पाव इंच घेतला. खालून दोन इंच घेतले. काच बसवली, मागे हार्डबोर्ड, खिळे, वरून चिकटपट्टी. समोरून पाहिलं. आभाळ, कौलं, रुळांची वरची रेघ. चित्र उलट जास्त सुबक दिसत होतं. मला त्याचीच भीती वाटली.

पुढचे दहा दिवस म्हणजे चोराच्या मनात चांदणं. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मी दचकून उठायचो. हेडसरांचा फोन आला की बायकोला पुढे करायचो. बायकोने विचारलं, "काय होतंय? डॉक्टरकडे जाऊ या का?" तिच्यावर उगाच डाफरलो. दुसऱ्या दिवशी फ्रेमची पट्टी कापताना अंगठा कापला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी सहाही चित्रं माडीवर टांगली. ग्रंथपाल टेप घेऊनच आली. तिला प्रत्येक चित्राखाली लावायच्या चिठ्ठीवर माप लिहायचं होतं. ती कामाची चोख. एखादं पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी तिला कळतं. पहिलं मापलं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी ती थांबली. मी स्टुलावर चढून उगाचच दिव्याची वायर चाचपत होतो.

"दादा, वहिनींच्या यादीत उंची चौदा इंच आहे. इथे बाराच्या आत भरतंय."

"माउंट थोडं खातो."

"थोडं म्हणजे पाव इंच. बाकीच्यांत पावच खाल्लंय."

"खालची कड ओलीने गेली होती," मी म्हणालो. "बुरशी होती. झाकली."

"वहिनींनी तसं काही लिहिलं नाही."

"नळीत लागली असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने टेप गुंडाळला. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच," ती म्हणाली, आणि चिठ्ठीवर लिहिलं, खालची कड खराब.

मी घाईघाईने स्टुलावरून उतरायला गेलो आणि पाय निसटला. तिने पटकन माझं मनगट धरलं. "सावकाश, दादा. बर्फवाल्याची घाई नको," ती हसून म्हणाली. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ही सवय तिला शाळेपासून लागलेली. इतकी मुरलेली, की आता तिला ते कळतही नव्हतं. मी मनगट सोडवून घेतलं.

उद्घाटन सकाळी दहाला झालं. माडी भरली, जिन्यातही माणसं उभी होती. हेडसर पाऊण तास बोलले. ढग्याला सगळ्यात आधी त्यांनीच ओळखलं होतं, असं आम्हाला कळलं. पाहुणे एकांतावर बोलले. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि चहा खालच्या अंगणात ठेवलाय असं सांगताच माडी भराभर रिकामी झाली. मीही निघालो. मनात म्हणत होतो, झालं, सुटलो. आता वर्षानुवर्षं या भिंतीकडे कुणी बघणार नाही.

"दादा, जरा थांबता?" ग्रंथपाल तिच्या आईला हाताला धरून उभी होती. "आईला चित्रं दाखवत होते, तर हेडसर बोलावतायत. तिला नीट दिसत नाही, नुसता उजेड-अंधार कळतो. तीन झालीत. पुढची तुम्ही सांगा ना तिला, काय काय आहे ते." आणि माझा हात उचलून तिने आईच्या हातात दिला. नको म्हणायलाही सवड मिळाली नाही.

पंचेचाळीस वर्षांत मी या बाईच्या समोर कधी एकटा उभा राहिलो नव्हतो. समोरून आली की गल्ली बदलायचो. हात हलका होता, थंड होता, आणि पकड मात्र पक्की.

"कोण? फाटकवाल्याचा ना तू?"

"हो, काकू."

"सांग मग. काय आहे यात?"

आम्ही चौथ्यासमोर उभे होतो. मी सांगायला लागलो. आभाळ आहे, पांढरं, पावसाचं नाही. खाली घरांची कौलं. तुमचं घर पण दिसतंय, काकू, चिंचेच्या झाडामागे.

"टेकडीवरून काढलंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"रूळ?"

"आहेत. एक रेघ."

"आणि फाटक?"

अंगणातून कपबशांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "दिसत नाही." आणि ते खरंच होतं, काचेपलीकडे ते दिसत नव्हतं.

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "मी रोज त्या टेकडीवर लाकडं वेचायला जायचे. तिथून फाटक दिसतंच. आमच्या यांची गाडी फाटकातून आत आली की मी खाली उतरायचे, भाकरी टाकायला. त्या दिवशी तेवढी गेले नव्हते." त्यांनी बोटांनी काच चाचपली. "तो पोरगा तर सगळं काढायचा. उकिरडासुद्धा काढायचा. मग फाटक का नाही काढलं?"

एवढा एकच प्रश्न. त्यात आरोप नव्हता, खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी अजून एक खोटं बोलू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं.

"थांबा," मी म्हणालो.

त्यांना बाकावर बसवलं. चित्र भिंतीवरून काढलं, जमिनीवर उलटं ठेवलं. खिशात चाकू असतोच. चिकटपट्टी फाडली, खिळे उपसले. एक खिळा अंगठ्याच्या जुन्या जखमेत गेला. हार्डबोर्ड निघाला. माउंट निघाला. मी चित्र दोन्ही हातांनी धरून त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि ग्रंथपाल दारात आली. जमिनीवरचे खिळे, रिकामी फ्रेम, कागदाची स्वच्छ खालची कड. तिने सगळं पाहिलं. ओल कुठेच नव्हती. ती वाकली आणि चित्रात बघायला लागली, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"काढलंय त्याने," मी म्हणालो. "फाटक आहे. मी झाकलं होतं."

काकूंनी पुढे झुकून कान दिला.

"डावीकडे धूर आहे, इंजिनाचा. वळणावर. उजवीकडे रस्ता आहे आणि रस्त्यावर तुमची गाडी आहे. लाद्यांवर गोणपाट टाकलंय. घोडा चालतोय. लगाम सैल सोडलाय."

"कुठवर आलेत?"

"अलीकडेच आहेत, काकू. अजून फाटकापर्यंत पोचले नाहीत."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट धरून कागदावर नेलं, गाडीवर ठेवलं. तिथे त्यांनी ते बराच वेळ राहू दिलं. ग्रंथपाल बाकाची कड धरून उभी होती. आता ही ओरडेल, असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि दांडा?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. पण ते माझ्या ओठांच्या आतच राहिलं.

"ऐकू आलं नाही."

"वर आहे. दांडा वर होता, काकू. फाटक उघडं होतं."

त्यांचं बोट गाडीवरून हललं नाही. चेहरा माझ्याकडे वळला. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी बरोबर माझ्या तोंडाकडे वळला. "त्या दिवशी केवढ्या मोठ्याने सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "खोलीभर. खिडकीबाहेरच्या लोकांनाही ऐकू गेलं होतं. मेलेल्या माणसाच्या बायकोसारखी नाही, गुन्हेगारासारखी उठले मी तिथून." मग अंगणाच्या बाजूला मान करून म्हणाल्या, "आता पण तिथे सगळे आहेत ना?"

"आहेत," ग्रंथपाल म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नसता.

"मग उठ."

मी उठलो. खिडकी चार पावलांवर होती. खाली अख्खी वस्ती चहा पीत होती, हेडसर कुणाला तरी हातवारे करून सांगत होते, माझी बायको बिस्किटांची ताटली घेऊन फिरत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने वर पाहिलं आणि मला हात केला. माझ्या दोन्ही हातांत चित्र होतं. मागून काकू बाकावरून उठून माझ्या मागोमाग आल्या आणि त्यांनी माझा शर्ट पाठीशी मुठीत धरला, आधारासाठी की मी पळू नये म्हणून, ते मला माहीत नाही.

मी हेडसरांना हाक मारली. पहिली हाक कुणाला ऐकू गेली नाही, म्हणून दुसरी मारली.